फेसबुकवरची कथा दिवाळी अंकाला चालते का?

प्रश्न : मी फेसबुकवर कथा लिहिते. लाइक, कमेंट भरपूर येतात. त्यातलीच एक दिवाळी अंकाला पाठवली, तर 'पूर्वप्रकाशित' म्हणून परत आली. पोस्ट डिलीट करून पुन्हा पाठवू का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : नको. पोस्ट उडवली तरी कथा तोवर चार ग्रुपांवर फिरलेली असते. 'अप्रकाशित' असं लिहून दिलंत आणि अंक निघाल्यावर कुणी स्क्रीनशॉट धाडला, तर त्या संपादकाचं दार कायमचं बंद. बहुतेक संपादक फेसबुकच्या भिंतीवरची कथा छापलेलीच धरतात.

यापुढे पूर्ण कथा भिंतीवर टाकूच नका. तिथं दीडशे-दोनशे शब्दांचे स्वतंत्र तुकडे लिहा : गुऱ्हाळात काहिलीवरची मळी काढणारा गुळव्या, गंगावेशीच्या दूधकट्ट्यावरची गिऱ्हाइकं. यातून तुमची भाषा दिसते आणि कथा शाबूत राहते. तुकडा कथेतलाच असेल, तर शेवट अजिबात फोडू नका. अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच सुरू होते, तेव्हा कथा जून-जुलैत पाठवा. युनिकोडमधली (कुठल्याही संगणकावर नीट दिसणाऱ्या मराठी अक्षरांतली) वर्ड फाइल जोडा. मेसेजमध्ये चिकटवलेली कथा कुणी वाचत बसत नाही. पहिल्या पानावर नाव, फोन, शब्दसंख्या. लाइकचे आकडे कळवू नका, संपादकाला त्याचं काही नसतं.

प्रश्न : इन्स्टाग्रामवर मजकूर मध्येच अडतो. आणि लोक नाव काढून व्हॉट्सॲपवर फिरवतात. काय करावं?

उत्तर : कॅप्शनची मर्यादा 2,200 कॅरेक्टरची. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. 'कोल्हापूर' डोळ्याला चार अक्षरं, मोजणीत नऊ! म्हणजे मराठीत साधारण तीनशे-साडेतीनशे शब्द. लांब मजकूर चित्रांच्या पानांवर घाला. कॅप्शनच्या पहिल्या एक-दोन ओळीच आधी दिसतात. त्या 'नमस्कार मंडळी'त घालवू नका. कॅप्शनमधली लिंक दाबून उघडत नाही, ती बायोत द्या.

नाव फक्त तळाशी असलं की एका बोटात कापलं जातं. प्रत्येक चित्रावर, मजकुराला खेटून टाका. लिहिल्याक्षणीच कॉपीराइट तुमचा होतो, नोंदणी सक्तीची नाही. मात्र पहिल्या मसुद्याची तारखेसह फाइल स्वतःला ईमेल करून ठेवा. उद्या वाद झालाच तर दाखवायला तीच हाताशी असेल.