पायाळू बाळ, सुईण आणि सिझरची तारीख

तुझं पत्र दोनदा वाचलं. चौतिसावा आठवडा, पहिलटकरीण, सोनोग्राफीत ‘ब्रीच’, म्हणजे बाळाचं डोकं वर. डॉक्टर म्हणाले, ‘सिझर करावं लागेल’, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. सासूबाई म्हणतात पायाळू बाळ भाग्याचं, आई म्हणते सुईणीकडून तेल लावून फिरवून घेऊ. आणि तू विचारतेस, कुणाचं ऐकू, बाळंतपण कुठे करू?

अगं, मी स्वतः पायाळू. वाड्यात कुणाच्या पाठीत उसण भरली की मला बोलावणं यायचं. माणूस चटईवर पालथा, मी फ्रॉक सावरत त्याच्या कमरेला पाय लावायचा, बदल्यात लिमलेटची गोळी. माझ्या वेळी आईचे काय हाल झाले, ते मात्र कुणी सांगत नसे.

सुईणीकडून पोट चोळून घेऊ नकोस. वार सुटू शकते आणि घरात ते कुणाला कळणारही नाही. बाळ अजून आपसूक फिरू शकतं. दिवस भरेपर्यंत शंभरात तीन-चारच बाळं अशी राहतात. छत्तिसाव्या आठवड्यात पुन्हा सोनोग्राफी कर आणि डॉक्टरांना विचार, ‘बाहेरून बाळ फिरवून बघता येईल का?’ हे काम दवाखान्यातच होतं: गर्भाशय सैल पडायचं इंजेक्शन, बाळाचे ठोके मोजायचं मशीन, शेजारी ऑपरेशन थिएटर. पहिलटकरणींमध्ये दहापैकी साधारण चौघींचं बाळ फिरतं. दोनशेत एखादीला लगेच सिझर लागतं. बाळाभोवतीचं पाणी फार कमी असेल किंवा वार गर्भाशयाच्या तोंडाशी असेल, तर हा प्रयत्न करत नाहीत. तुझा रक्तगट निगेटिव्ह असेल तर नंतर अँटी-डीचं इंजेक्शन लागेल का, तेही विचार.

बाळ फिरलं नाही तर? ब्रीच म्हणजे पाय खाली असंच नसतं. बहुतेकांचं ढुंगण खाली आणि पाय वर, पार कानाशी. तुझं कोणतं, ते विचारून घे. पाऊल खाली असेल तर नाळ आधी घसरायची भीती जास्त. २००० साली टर्म ब्रीच ट्रायल हा मोठा अभ्यास आला, मग जगभर अशा बाळंतपणांना सिझर होऊ लागलं आणि खालून सोडवायचा हात नव्या डॉक्टरांना बसलाच नाही. ब्रिटनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ठरवून केलेल्या सिझरमध्ये दोन हजारांत साधारण एक बाळ दगावतं, खालून ब्रीच सोडवताना चार. तेही सरावाचे हात असतील तेव्हा. तसे हात जवळ नसतील तर मी नॉर्मलचा हट्ट धरणार नाही. अडचण नसेल तर सिझरही एकोणचाळीस आठवडे भरल्यावरच.

माहेर की सासर, ते नात्यावर ठरवू नकोस. जिथून भूलतज्ज्ञ, रक्त आणि नवजात बाळांचा विभाग रात्री दोनलाही मिळेल असं हॉस्पिटल जवळ, तिथे राहा. खर्चाची काळजी असेल तर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात (२०११ पासून) सरकारी रुग्णालयात सिझर, औषधं, रक्त, जेवण फुकट आहे, नेण्या-आणण्याची गाडीही. नाव आत्ताच घालून ठेव.

पाणी गेलं तर कळांची वाट बघत बसू नकोस, १०८ ला फोन करून तडक नीघ. आणि बाळ फिरलं तरी, कसंही जन्मलं तरी, दीड महिन्याचं झाल्यावर त्याच्या खुब्यांची सोनोग्राफी करायची का, हे बालरोगतज्ज्ञांना आठवणीने विचार. शेवटच्या महिन्यात ब्रीच असलेल्या बाळांचा खुबा कधीकधी सैल असतो. लवकर कळलं तर पट्ट्यावर भागतं.