आर-नंबर बघा, आणि अर्थिंगचा खड्डाही

सर्व्हर आणि लोड बॅलन्सर (येणारं काम अनेक सर्व्हरांत वाटून देणारी यंत्रणा) यांच्या खरेदीबद्दल बरेच प्रश्न आलेत. त्यातले निवडक घेतो.

जळगावच्या आमच्या पतसंस्थेसाठी दोन सर्व्हर घेतोय. पुरवठादार म्हणतो, सीई आणि यूएल ही परदेशी सुरक्षा-चिन्हं आहेत, बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) गरज नाही. खरं का?

नाही. केंद्राच्या सक्तीच्या नोंदणीच्या आदेशानुसार (पहिला २०१२ चा, त्याच्या जागी आता २०२१ चा) सर्व्हर 'ऑटोमॅटिक डेटा प्रोसेसिंग मशीन' या गटात येतो आणि बीआयएस नोंदणीशिवाय तो भारतात विकता येत नाही. सीई युरोपच्या बाजारासाठी असतं, आणि ते बहुधा कंपनी स्वतःच जाहीर करते. यूएलची चाचणी कडक असते, पण इथे त्या कागदावर भागत नाही.

सर्व्हरच्या पाठीमागचं किंवा वरचं लेबल बघा. बीआयएसच्या खुणेवर 'आयएस १३२५२ भाग १' आणि खाली 'आर-' व आठ आकडे असतात, हाच आर-नंबर. नव्या मालावर आयएस/आयईसी ६२३६८-१ दिसलं तर दचकू नका, ते त्याच्या पुढचं मानक आहे. आता मोबाईल काढा. सराफ बाजारात दागिन्याचा एचयूआयडी (हॉलमार्कचा क्रमांक) ज्या बीआयएस केअर ॲपवर तपासता, त्यातच आर-नंबर तपासायची सोय आहे. कंपनी, ब्रँड, कारखान्याचा पत्ता सगळं समोर येतं.

इथे दोन गोष्टींत लोक फसतात. एक, नोंदणी कारखान्यागणिक असते. तोच ब्रँड दुसऱ्या कारखान्यातून आला की नंबर वेगळा. दोन, जाहिरातीतलं नाव नोंदणीत सापडेलच असं नाही. लेबलवरचा 'रेग्युलेटरी मॉडेल', म्हणजे नोंदणीसाठी वापरलेलं मॉडेलचं नाव, जुळवा. म्हणून आर-नंबर, रेग्युलेटरी मॉडेल आणि कारखान्याचा पत्ता कोटेशनमध्येच लिहून घ्या, आणि माल उतरल्यावर लेबलशी ताडून मगच बिल पास करा. 'या मॉडेलला सूट आहे' असं कोणी म्हणालं तर सूट दिल्याचा कागद मागा. तोंडी सूट नसते.

शिरपूरहून: लोड बॅलन्सरचं तयार उपकरण घ्यावं की साध्या सर्व्हरवर एचएप्रॉक्सी हे लोड बॅलन्सिंगचं मोफत सॉफ्टवेअर टाकावं? प्रमाणपत्राचं काय?

सॉफ्टवेअरला विद्युत सुरक्षेचं प्रमाणपत्र नसतं, ते खालच्या लोखंडाला, म्हणजे हार्डवेअरला लागतं. एचएप्रॉक्सी टाकणार असाल तर सर्व्हरचा आर-नंबर बघा, झालं. तयार उपकरणही आतून बऱ्याचदा सर्व्हरच असतो, तेव्हा त्याचीही नोंदणी मागा. राउटर आणि लॅन स्विचसाठी दूरसंचार खात्याच्या टीईसी या तांत्रिक केंद्राचं एमटीसीटीई (दूरसंचार उपकरणांच्या सक्तीच्या चाचणीचं) प्रमाणपत्र हा वेगळा विषय आहे. लोड बॅलन्सरमध्ये ते काम एकत्र असेल तर दोन्हींबद्दल विक्रेत्याकडून लेखी घ्या.

माझं मत विचाराल तर दोन-तीन वेब सर्व्हरपुढे महागडं उपकरण कशाला? कीपअलाइव्हडसह (एक बंद पडलं की दुसऱ्याकडे काम वळवणारं सॉफ्टवेअर) एचएप्रॉक्सीची जोडी पुष्कळ होते. फक्त ती जोडी एकाच यंत्रावर दोन व्हीएम (आभासी सर्व्हर) करून बसवू नका. तसंच दोन उपकरणं घेऊन दोन्ही एकाच यूपीएसवर टांगू नका. हे मी चांगल्या चांगल्या ऑफिसांत बघतो.

धुळ्याच्या कॉलेजला जुने, रिफर्बिश्ड सर्व्हर निम्म्या किमतीत मिळताहेत. घ्यावेत?

देशातच वापरलेले असतील, मूळ लेबल शाबूत असेल आणि पहिलं बिल दाखवत असतील तर लॅबसाठी हरकत नाही. परदेशातून जुने आणलेले असतील तर आयातीच्या परवानगीची कागदपत्रं बघितल्याशिवाय नको. लेबल खरवडलेलं असेल तर किंमत विचारूच नका.

बोदवडला आमची जिनिंग आहे. नवा सर्व्हर प्रमाणित आहे, तरी रॅकला हात लावला की झिणझिण्या येतात. माल खराब आहे का?

बहुतेक माल ठीक आहे, भिंतीतलं अर्थिंग खराब आहे. सर्व्हरच्या पॉवर सप्लायमध्ये फिल्टरचे कपॅसिटर असतात. त्यांतून थोडासा करंट कायम अर्थला जातो. मानकाने तो गृहीत धरलाय. साध्या प्लगवर चालणाऱ्या अशा उपकरणाला साधारण ३.५ मिलीअँपिअरची मर्यादा आहे. पण अर्थ तुटलेलं असेल तर तो जाणार कुठे? पत्र्यावर सुमारे ११५ व्होल्ट तरंगत राहतात. रॅकमध्ये चार उपकरणं असली की चौघांचा मिळून झटका. म्हणजे प्रमाणपत्र हे अर्थिंग धडधाकट आहे या गृहीतावरच दिलेलं असतं.

आधी रॅक बंद करा आणि लायसनवाल्या वायरमनला बोलवा. मल्टिमीटरने सॉकेटवर न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज मोजायला सांगा. एक-दोन व्होल्टच्या वर गेलं तर शोध सुरू करा. मग अर्थ टेस्टरने अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध मोजून घ्या. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, ओल जाते आणि रोध चढतो. दिवाळीत मोजलेला आकडा मे महिन्यात कामाचा नाही. शक्य असेल तर सर्व्हरसाठी स्वतंत्र इलेक्ट्रोड घालून घ्या, पण तो मुख्य अर्थिंगला जोडलेलाच हवा. आणि अर्थची पिन तोडून दोन पिनी अडॅप्टर लावलेला असेल, तर तो आजच काढा.

जाता जाता, जिनिंगमधला कापसाचा तंतू पंख्यांत अडकतो. बरेच सर्व्हर आत जाणारी हवा ३५ अंशांपर्यंत असेल असं धरून बनवलेले असतात. आपल्याकडे बाहेर ४५ असतं. खोली बंद, एसी दोन, आणि जाळी दर आठवड्याला साफ.

पॉवर सप्लायवर '८० प्लस प्लॅटिनम' आहे. म्हणजे सुरक्षितच ना?

नाही. ती विजेच्या बचतीची पायरी आहे, सुरक्षेचा तिच्याशी संबंध नाही. स्पेअर घेताना मूळ पार्ट नंबरचाच घ्या.