चरबीचा रिपोर्ट आणि एआरटीची गोळी

प्रश्न : डॉक्टर मॅडम, सप्रेम नमस्कार. माझं वय 47. 2009 पासून एचआयव्हीसाठी एआरटी सेंटरची औषधं घेतो. आधी सकाळ-संध्याकाळची गोळी होती, मग रात्रीची एक आली, तिच्यानं चित्रविचित्र स्वप्नं पडत, आणि 2021 पासून टीएलडी ही तीन औषधांची एकत्र गोळी चालू आहे. व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) दर वेळी ‘आढळला नाही’ असाच येतो. गेल्या महिन्यात लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी केली. एकूण कोलेस्टेरॉल 238, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) 146, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) 34, ट्रायग्लिसराइड 290. औषध सुरू होण्याआधीचा जुना कागद शोधून काढला, तर त्यात कोलेस्टेरॉल फक्त 128! म्हणजे ही चरबी गोळीनंच वाढवली ना? दोन-तीन महिने गोळी थांबवली तर आकडे खाली येतील का? थोरले भाऊ 52 व्या वर्षी हार्ट अटॅकनं गेले. रात्र-रात्र झोप लागत नाही. तंबाखू थोडीफार.
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : गोळी थांबवू नका. एक दिवससुद्धा नाही. बाकीचं सगळं नंतर वाचलंत तरी चालेल.

हे मी नुसतं भीतीपोटी सांगत नाही. ‘स्मार्ट’ नावाच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात साडेपाच हजारांच्या आसपास रुग्ण होते. निम्म्यांची औषधं अखंड चालू ठेवली, निम्म्यांची सीडी4 (प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) बघून मधूनमधून थांबवली. शरीराला विश्रांती मिळेल, दुष्परिणाम कमी होतील, ही आशा होती. झालं उलटं. औषध थांबवणाऱ्यांमध्ये मृत्यू जास्त झालेच, शिवाय हृदयविकारही जास्त निघाला. 2006 मध्ये तो प्रयोग मध्येच आवरावा लागला. विषाणू मोकळा सुटला की रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला सूज धरते, आणि तुम्हाला भीती आहे ती नेमकी तिथूनच सुरू होते.

आता तुमच्या त्या 128 कडे बघू. पत्रासोबत तुम्ही दोन्ही कागदांची झेरॉक्स पाठवलीत हे फार चांगलं केलंत. 2009 च्या कागदावर कोलेस्टेरॉल 128 आहे, पण त्याच कागदावर एचडीएल 24 आहे, सीडी4 96 आहे आणि वजन 48 किलो. तो आकडा तब्येतीचा नव्हता, आजाराचा होता. उपचार न घेतलेल्या एचआयव्हीत आधी एचडीएल घसरतं, मग एलडीएल घसरतं आणि आजार वाढला की ट्रायग्लिसराइड चढतं. अमेरिकेत 2003 मध्ये 50 पुरुषांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचं संसर्गाच्या आधीपासूनचं रक्त साठवून ठेवलेलं होतं. संसर्गानंतर त्यांचं एकूण कोलेस्टेरॉल सरासरी 30 नं उतरलं आणि उपचार सुरू झाल्यावर, वाढत्या वयाचा हिशेब धरला तर, साधारण मूळ जागी परत आलं. एचडीएल मात्र कमीच राहिलं. तुमच्या वाढीतलाही बराचसा भाग असाच, शरीर सावरल्याचा आहे. आज तुम्ही 71 किलोचे आहात.

मग गोळ्यांचा वाटा काहीच नाही का? आहे, पण प्रत्येक गोळीचा वेगळा. तुमची मधली रात्रीची गोळी, जिच्यानं चित्रविचित्र स्वप्नं पडत असं तुम्ही लिहिलंय, तिच्यात इफाव्हिरेन्झ होतं. ते कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड दोन्ही वाढवतं. आताच्या टीएलडीतलं टेनोफोव्हिर उलट चरबी थोडी खालीच ठेवतं आणि डोल्युटेग्राव्हिर तिच्या वाटेला फारसं जात नाही. मात्र डोल्युटेग्राव्हिरवर काहींचं वजन वाढतं. तुमचंही 2021 नंतर नऊ किलो वाढलंय. वजनाबरोबर ट्रायग्लिसराइड चढतं, त्यामुळे तिथे लक्ष द्यायला हवं.

तुमच्या रिपोर्टमध्ये मी आधी एक वजाबाकी केली. 238 मधून 34 गेले, राहिले 204. चांगलं कोलेस्टेरॉल वगळून उरलेला हा आकडा 130 च्या आत असावा असं आपण धरतो. भाऊ 52 व्या वर्षी गेले ही गोष्ट त्यात मिळवा. आणि तुम्ही शेवटच्या ओळीत, जाता जाता, ‘तंबाखू थोडीफार’ असं लिहिलंय. माझ्या दृष्टीनं पत्रातली सगळ्यात जड ओळ तीच. तंबाखू सोडा. जमत नसेल तर एआरटी सेंटरच्या समुपदेशकांना सांगा. त्यांना त्यात काही नवल वाटणार नाही.

खाण्यात तेल-तूप कमी करायचं हे सगळ्यांना माहीत असतं. पण 290 चं ट्रायग्लिसराइड जास्त करून साखर, मैदा, दारू आणि ताटातला भाताचा ढीग यांनी चढतं. दिवसातले पाच चहा दोनवर आणा, संध्याकाळचं फरसाण बंद करा, भात वाटीनं मोजून घ्या. जेवणानंतर रोज अर्धा तास झपझप चाला. थायरॉईड आणि साखर एकदा तपासा, कारण ती बिघडली तरी चरबी वाढते.

आणि चरबीच्या गोळीबद्दल. 2023 मध्ये ‘रिप्रीव्ह’ या अभ्यासाचे निकाल आले. भारतासह 12 देशांत, एचआयव्हीसह जगणारे 40 ते 75 वयाचे 7769 लोक त्यात होते. हृदयाचा धोका फार नसलेलीच माणसं निवडली होती. ज्यांना रोज पिटाव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉल उतरवणारं, स्टॅटिन गटातलं औषध 4 मिलिग्रॅम दिलं, त्यांच्यात हार्ट अटॅक, लकवा यांसारख्या घटना 35 टक्क्यांनी कमी झाल्या. मधुमेह होण्याचं प्रमाण किंचित वाढलं, काहींचे स्नायू दुखले, हेही सांगायला हवं. तुमचं वय, भावाचा इतिहास आणि हे आकडे पाहता तुम्हाला स्टॅटिन लागेल असं माझं स्पष्ट मत आहे. टीएलडीसोबत ते अडचण करत नाही. दोन्ही कागद घेऊन एआरटी सेंटरच्या डॉक्टरांना भेटा आणि हा विषय तुम्हीच काढा. रांगेत त्यांना दोन मिनिटं मिळतात, त्यात व्हायरल लोड चांगला दिसला की पुढचा नंबर पुकारला जातो.

प्रश्न : मॅडम, मी 54 वर्षांची विधवा बाई आहे. एचआयव्हीच्या सेकंड लाइनवर (पहिली औषधं लागू पडेनाशी झाल्यावरच्या उपचारावर) आहे, अटाझानाव्हिर-रिटोनाव्हिरची गोळी चालू आहे. कोलेस्टेरॉल वाढलं म्हणून गावातल्या डॉक्टरांनी सिमव्हास्टॅटिन 40 दिलं. त्यांच्या दवाखान्यात चुलत दीर कंपाउंडर आहे, म्हणून माझ्या आजाराचं त्यांना सांगितलेलं नाही. पंधरा दिवस झाले, मांड्या भरून येतात, बसलेलं उठवत नाही.
– एक भगिनी

उत्तर : ताई, तुम्हाला फोनवर सांगून झालंय, पण इतरांच्याही कामाला यावं म्हणून छापत आहे. सिमव्हास्टॅटिन त्याच दिवशी बंद. रिटोनाव्हिर यकृतातलं एक विकर (एन्झाइम) अडवून धरतं. सिमव्हास्टॅटिनचा निचरा त्याच विकरातून होतो. तो थांबला की गोळी रक्तात कितीतरी पटींनी साचते आणि स्नायू विरघळू लागतात. लघवी काळ्या चहासारखी झाली तर मूत्रपिंडावर आलंय असं समजून तडक मोठ्या दवाखान्यात जायचं. सीपीके ही स्नायूंची झीज दाखवणारी रक्ततपासणी करून घ्या. ती नीट आल्यावर पिटाव्हास्टॅटिन किंवा कमी मात्रेत रोसुव्हास्टॅटिन देता येतं, ते एआरटी सेंटरचे डॉक्टर ठरवतील. एचआयव्हीची गोळी मात्र तशीच चालू ठेवा. पित्ताची पँटोप्राझोलसारखी गोळी मेडिकलमधून परस्पर आणू नका, तिच्यामुळे अटाझानाव्हिर पोटात नीट शोषलं जात नाही.

दिराची धास्ती मला कळते. गावात अशी गोष्ट फुटली की बाईचं पाणवठ्यावर उभं राहणं अवघड होतं, हे मी पाहिलंय. 2017 च्या एचआयव्ही कायद्यानं तुमची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टर आणि दवाखान्यातल्या सगळ्यांवर बंधनकारक आहे. पण कायदा कंपाउंडरचं तोंड लगेच बंद करत नाही. म्हणून सध्या एवढं करा. गावात कुठलीही नवी गोळी मिळाली की खायच्या आधी तिचं पाकीट एआरटी सेंटरला दाखवा किंवा नाव फोनवर कळवा. शंका असेल तर 1097 ही मोफत हेल्पलाइन आहे, मराठीतही बोलतात.

प्रश्न : लिपिड प्रोफाइलला उपाशी जावं लागतं का? त्या रात्री एआरटीची गोळी घ्यायची का?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : आपल्या लोकांचं ट्रायग्लिसराइड बरेचदा वाढलेलं असतं, म्हणून 10 ते 12 तास उपाशी गेलेलं बरं. पाणी प्या. गोळी नेहमीच्या वेळेला घ्याच. आदल्या दिवशी लग्नाची पंगत किंवा दारू झाली असेल तर तपासणी चार दिवस पुढे ढकला. ट्रायग्लिसराइड 400 च्या वर आलं तर हिशेबानं काढलेला एलडीएल धरू नका, लॅबला ‘डायरेक्ट एलडीएल’ करायला सांगा. आणि 500 च्या वर असेल तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना भेटा, तिथून पुढे स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका वाढत जातो.