वाचकांचे प्रश्न : आयर्लंडचे १९२० साल

प्रश्न : आयर्लंडच्या इतिहासात १९२० हे साल महत्त्वाचे का मानतात, आणि त्याचा हिंदुस्थानशी काही संबंध आहे का? (एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा)

उत्तर : त्या वर्षी आयर्लंडचे स्वातंत्र्ययुद्ध ऐन भरात होते. मार्चमध्ये कॉर्कचे महापौर टोमास मॅकर्टन यांना राहत्या घरी गोळ्या घालण्यात आल्या. त्यांच्या जागी आलेले टेरेन्स मॅकस्विनी यांनी लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात ७४ दिवस अन्नत्याग करून २५ ऑक्टोबरला प्राण सोडले. २१ नोव्हेंबरला डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर सामना पाहणाऱ्या लोकांवर गोळीबार झाला.

आपल्या दृष्टीने मात्र जूनमधली घटना अधिक मोलाची आहे, आणि ती शाळेतल्या मुलांना शिकवली जावी असे आम्हांस मनापासून वाटते. मायदेशी ब्रिटिश फौजा करीत असलेल्या अत्याचारांच्या बातम्या कानी आल्यावर जालंधर छावणीतील, ब्रिटिश सैन्याच्या कनॉट रेंजर्स पलटणीच्या आयरिश शिपायांनी २८ जून रोजी कामावर जाण्यास नकार दिला, आणि लवकरच सोलनची तुकडीही त्यांना सामील झाली. सोलनला हाती संगिनी घेऊन शस्त्रागारावर चालून गेलेल्यांपैकी दोघे जागीच मारले गेले. त्यांचा म्होरक्या जेम्स डेली हा अवघा २० वर्षांचा होता. त्याला २ नोव्हेंबरला सोलनजवळच्या डगशाईच्या तुरुंगात गोळ्या घालून देहदंड देण्यात आला. त्याचे अवशेष १९७० मध्ये आयर्लंडला नेण्यात आले.