टाकीत वाढवलेल्या पेशी शेतीची जागा घेऊ शकतील का?

तुम्ही विचारलंय की वनस्पतीच्या पेशी द्रवात वाढवता येतात, तर जमीन, पाऊस, कीड, हंगाम यांत न अडकता अन्न थेट टाकीतूनच का काढू नये? आणि या विषयात पुढे शिकावं का? मी याच क्षेत्रात काम करतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी एक घोळ दूर करू. केळीची टिश्यू कल्चर रोपं बहुतेकांना माहीत असतात. तिथे प्रयोगशाळेत रोप तयार होतं आणि शेवटी शेतातच लागतं. तुम्ही म्हणताय त्यात रोप कधीच तयार होत नाही. पेशी पेशीच राहतात, विभागत राहतात, आणि पीक म्हणजे त्या पेशीच किंवा त्यांनी बनवलेला एखादा पदार्थ.

सुरुवात पानाच्या किंवा मुळाच्या छोट्या तुकड्यापासून होते. तो निर्जंतुक करून साखर, क्षार आणि ऑक्सिन-सायटोकायनिन ही संप्रेरकं घातलेल्या अगारवर, म्हणजे समुद्री शेवाळापासून काढलेल्या जेलीसारख्या थरावर ठेवायचा. काही आठवड्यांत कापलेल्या कडेला फिकट पिवळा गोळा फुगून येतो. हा कॅलस. त्यातला सगळ्यात भुसभुशीत भाग निवडून फ्लास्कमधल्या द्रवात सोडायचा आणि फ्लास्क शेकरवर फिरत ठेवायचा. गोळे फुटतात, लहान पुंजके सुटे होतात आणि हळूहळू दाटसर, रवाळ द्रव तयार होतो. त्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की लांबट, पारदर्शक पेशी दिसतात. पेशीचा बहुतेक भाग एकाच मोठ्या पाण्याच्या पोकळीने व्यापलेला असतो आणि तिच्यातून जाणाऱ्या बारीक धाग्यांवरून कण सरकत असतात. कण सरकताना दिसले की पेशी जिवंत आहेत, एवढी खात्री पटते. ते थांबलेले असतील आणि द्रव तपकिरी पडला असेल, तर सबकल्चरला, म्हणजे काही पेशी ताज्या माध्यमात हलवायला, उशीर झाला असं समजायचं.

कल्पना जुनी आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ हाबरलांटने १९०२ मध्येच सुट्या पेशी वाढवून पाहिल्या. त्या काही काळ जगल्या, पण विभागल्या नाहीत. १९५८ मध्ये स्टुअर्ड यांच्या गटाने गाजराच्या सुट्या पेशींपासून अख्खी रोपं उभी केली. १९६२ मध्ये मुराशिगे आणि स्कूग यांनी पोषक माध्यमाची जी कृती दिली, ती आजही बहुतेक प्रयोगशाळांत वापरली जाते. त्या माध्यमात लिटरमागे साधारण ३० ग्रॅम साखर घालतात, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर या साखरेतच आहे.

टाकीतली पेशी सहसा प्रकाशसंश्लेषण करत नाही. ती अंधारात वाढते आणि तिचं सगळं पोषण या साखरेवर चालतं. ती साखर येते उसातून किंवा बीटमधून, म्हणजे शेतातूनच. एक किलो साखर दिली तर फार तर अर्धा किलो कोरड्या पेशी मिळतात, उरलेली साखर श्वसनात जाते. हजार लिटरच्या टाकीत ३० किलो साखर घातली, तर दोन-तीन आठवड्यांनी जेमतेम १५ किलो कोरडा माल हाती येतो. पेशी टाकीतून निघताना नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, त्यामुळे वाळवायचा खर्च वेगळा. धान्य मात्र कणसातच बरंचसं वाळून तयार होतं.

हाच हिशोब जगाला लावून बघा. जगात वर्षाला साधारण १८ कोटी टन साखर होते आणि तृणधान्यं २५० कोटी टनांच्या वर. सगळी साखर टाक्यांत ओतली तरी ९ कोटी टन कोरड्या पेशी मिळतील, आणि खायला साखर उरणार नाही ती वेगळीच. प्रकाशावर वाढणाऱ्या हिरव्या पेशींची संवर्धनंही (द्रवात वाढवलेल्या पेशी) आहेत, पण ती सावकाश वाढतात आणि दाट द्रवात उजेड फार खोल पोचत नाही. पान पातळ आणि पसरट असतं ते याच कारणाने, आणि शेत म्हणजे फुकटच्या उन्हात पसरलेली अशी असंख्य पानं. पोटभरीच्या धान्याच्या बाबतीत टाकीला या गणितावर मात करता येईल असं मला वाटत नाही.

दुसरी अडचण वेळेची. जिवाणू वीस-तीस मिनिटांत दुप्पट होतात. वनस्पतीच्या पेशीला एक दिवस ते कित्येक दिवस लागतात. एवढ्या काळात एखाद्या सैल झाकणातून किंवा झिजलेल्या सीलमधून एक जिवाणू आत शिरला, तर आपल्या पेशी एकदा विभागायच्या आत सगळी टाकी त्याची झालेली असते. म्हणून वाफेने १२१ अंशांवर निर्जंतुक करणं, गाळलेली हवा, चोवीस तास लक्ष, या सगळ्याचा खर्च प्रत्येक किलोवर चढतो. जिथे एक ग्रॅमचीही मोठी किंमत येते, तिथे हा खर्च परवडतो.

आता मला ज्याबद्दल खरी ओढ आहे ते सांगतो. शिकोनिन हा एका औषधी वनस्पतीच्या मुळातला लाल रंग. शेतात मूळ तयार व्हायला काही वर्षं लागतात आणि त्यात शिकोनिन असतं एक-दोन टक्के. जपानमध्ये मित्सुई पेट्रोकेमिकलने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ते टाकीत बनवायला घेतलं. पेशी जोमाने वाढायच्या, पण रंग धरायच्या नाहीत, कारण वाढीच्या माध्यमातला अमोनियम रंग बनू देत नाही. मग दोन टप्पे केले: आधी वाढीच्या माध्यमात पेशींची संख्या वाढवायची, नंतर फक्त नायट्रेट असलेल्या दुसऱ्या माध्यमात त्या हलवायच्या. तिथे पेशी लाल होत गेल्या आणि तीनेक आठवड्यांत कोरड्या वजनाच्या १४ टक्क्यांच्या आसपास शिकोनिन मिळालं. तो रंग लिपस्टिकमध्ये वापरला गेला. मला हे काम फार आवडतं. पेशीला काय दिल्यावर ती काय करते हे त्यांनी नीट पाहिलं, आणि टाकीची रचना त्यावरून ठरवली.

टॅक्सॉलची गोष्ट याहून गंभीर आहे. कर्करोगावरचं हे औषध १९९२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, तेव्हा ते पॅसिफिक यू या अतिशय सावकाश वाढणाऱ्या झाडाच्या सालीतून काढत. सालीत त्याचं प्रमाण ०.०१ टक्क्याच्या आसपास, आणि साल सोलली की झाड मरतं. रुग्णांची गरज आणि जंगल, दोन्ही एकाच वेळी पणाला लागलं होतं. पुढे दुसऱ्या यूच्या पानांतला एक पदार्थ घेऊन ते अर्धसंश्लेषणाने, म्हणजे त्या पदार्थावर रासायनिक प्रक्रिया करून बनू लागलं, आणि त्यानंतर यूच्या पेशी ७५,००० लिटरपर्यंतच्या टाक्यांत वाढवून. झाडाला हातही न लावता औषध मिळतं. या कामासाठी टाकी हवीच, असं मी ठामपणे म्हणेन. २०१२ मध्ये गोशे या आनुवंशिक आजारावरचं एक विकर (एन्झाइम) अमेरिकेत मंजूर झालं, तेही गाजराच्या पेशींमध्ये बनतं.

मात्र प्रत्येक औषध असं निघत नाही. सदाफुलीतलं विनब्लास्टिन घ्या. त्याचा एक घटक, विंडोलिन, पानातल्या विशिष्ट पेशी मिळून बनवतात. सुट्या पेशींना पान व्हायची सूचनाच नसते, त्यामुळे तो पदार्थ टाकीत तयार होत नाही. शिवाय वर्षानुवर्षं सबकल्चर करत राहिलं की पेशींचे गुण बदलतात आणि चांगली ओळ, म्हणजे एकाच मूळ पेशीसमूहापासून वाढवत आणलेल्या पेशी, हळूहळू पदार्थ बनवणं सोडते. म्हणून चांगली ओळ मिळाली की तिचा काही भाग उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये जपून ठेवायचा.

खाण्याच्या पदार्थांत मला कोको आणि कॉफीबद्दल उत्सुकता आहे. फिनलंडच्या व्हीटीटी संस्थेने २०२१ मध्ये पेशींपासून कॉफी बनवून भाजून दाखवली. ही दोन्ही पिकं जिथे जंगल असायला हवं अशाच पट्ट्यात येतात आणि कोणाचंही पोट त्यांच्यावर भरत नाही. तिथे टाकी परवडली तर जंगलावरचा ताण कमी होऊ शकतो. अजून ती स्वस्त नाही.

शिकण्याबद्दल विचारलंत, तर जरूर शिका, पण फक्त कॅलस करण्यापुरतं नको. ते हात बसले की जमतं. खरी माणसं कमी आहेत ती दाट होत गेलेल्या संवर्धनात ऑक्सिजन कसा पोचवायचा, पेशी न फाडता ढवळायचं कसं, फेस आणि टाकीच्या भिंतीला चिकटणारा थर कसा आवरायचा, हे सोडवणारी. वनस्पतिशास्त्रासोबत जैवप्रक्रिया अभियांत्रिकी घ्या. आणि जिथे शिकायला जाल तिथे निदान पाच-दहा लिटरचा बायोरिअ‍ॅक्टर (पेशी वाढवायची अशी टाकी) प्रत्यक्ष चालू आहे ना, आणि विद्यार्थ्यांना तो हाताळू देतात का, हे प्रवेश घेण्याआधी विचारा.