मांजर पोट आणि मागचे पाय सारखं चाटून केस काढतंय, काय करू?

आधी पिसवाच बघा. गोव्यात पावसाळ्याच्या दमट हवेत त्या जाम वाढतात, आणि ॲलर्जी असेल तर दोन-चार चावेसुद्धा पुरतात. मांजर चाटून पिसवा गिळून टाकतं, म्हणून दिसत नाहीत बरेचदा. शेपटीच्या बुडाशी बारीक फणी फिरवा, निघालेले काळे कण ओल्या टिश्यूवर ठेवा, लालसर डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा. मग डॉक्टरांना विचारून वजनाप्रमाणे मांजराचंच स्पॉट-ऑन (मानेवर कातडीला लावायचं पिसवांचं थेंब-औषध) लावा, घरातल्या बाकी जनावरांनाही त्यांचं त्यांचं, आणि अंथरुणं गरम पाण्यात धुवा. कुत्र्याचं औषध प्लीज अजिबात लावू नका, काहींमध्ये परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, मांजराच्या जिवावर बेततं, टी ट्री तेलही नकोच. पिसवा नसतील तर नायटा, माइट्स (कातडीवरचे अगदी बारीक किडे), खाण्याची ॲलर्जी, नुसतं पोटच चाटत असेल तर कधी लघवीच्या पिशवीचं दुखणंही असतं, तेव्हा म्हापसा-फोंडा जे जवळ पडेल तिथे दाखवाच.