संध्याकाळी बसायचं कुठे?

प्रिय मित्रा,

दर शुक्रवारी टीम 'बसते', तू कोपऱ्यात थम्सअप घेऊन चकणा संपवतोस आणि बिल मात्र सारखंच वाटून येतं. चकण्यात तुझा हिशेब फिटत असेल! पण न गेल्यास सोमवारच्या गप्पांत आपण परके ठरतो, ही तुझी तक्रार खरी आहे. मग दारूशिवाय बसायचं कुठे, हा तुझा प्रश्नही रास्त.

'बसणे' या साध्या क्रियापदाचा अर्थच बारने पळवला. मला वाटतं, ही करामत दारूपेक्षा खुर्चीची आहे. बारमध्ये रात्री उशिरापर्यंत कुणी उठवत नाही. अमृततुल्यात चहा फक्कड, पण कप रिकामा झाला की मागचा माणूस पुढे सरकतो. ३१ डिसेंबरला अंनिसचे (अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे) कार्यकर्ते 'द दारूचा नव्हे, द दुधाचा' म्हणत रस्त्यावर दूध वाटतात. मला ते मनापासून आवडतं, पण दूध पिऊन माणूस पुढेच जातो ना! म्हणून जागा शोधताना मेन्यू नंतर बघ. बूड किती वेळ टेकवता येतं, ते आधी बघ.

इराणी कॅफेवाल्यांना हे ठाऊक होतं. मुंबईत धोबी तलावचं कयानी १९०४ चं, पुण्यात डेक्कनचं गुडलक १९३५ चं. बनमस्का, चहा आणि गप्पा. मात्र शनिवार-रविवारी अशा ठिकाणी टेबलापाशी लोक ताटकळत असतात, तेव्हा तिथे अड्डा जमवू नकोस. आम्ही तुझ्या वयात एका हॉटेलात अर्ध्या कपावर दोन-दोन तास काढायचो. एके दिवशी मालकाने डोक्यावरचा पंखाच बंद केला. तेव्हापासून अर्ध्या तासाला काहीतरी मागवायचं, हा आमचा नियम झाला.

पुढे आम्ही मित्राच्या गच्चीवर गेलो. तिथे एक गोष्ट कळली: ग्लास हाताला काम देतो. नुसतं समोरासमोर बसलं की पहिली वीस मिनिटं अवघड जातात. पत्ते, कॅरम, भेळ कालवणं, काहीही चालेल, हात गुंतले की तोंड सुटतं.

वार पक्का कर, बुधवार बरा. ग्रुपवर 'दारूमुक्त' वगैरे लिहू नकोस, लोक व्याख्यानाच्या भीतीने पळतील. 'बुधवारी बसू या' एवढंच टाक. पिणाऱ्यांनाही बोलाव. कायद्याचा दाखला तर अजिबात देऊ नकोस. महाराष्ट्रात कडक दारूसाठी वयाची अट २५ आहे आणि तुझ्या टीममधले निम्मे त्याच्या आतले असतील.

पहिल्यांदा दोघंच येतील. तरी पुढचा बुधवार चुकवू नकोस. माझा कॅरम बोर्ड माळ्यावर पडून आहे, घेऊन जा. पावडर तेवढी तुझी तू आण.

तुझा,
काका